भात्यामागे अक्का

मास्तरांनी बहिणीच्या खोलीची कडी बाहेरून लावली. कुरकुर होऊ नये म्हणून ती दोन बोटांत धरून इंच इंच सरकवली, तरी शेवटी ती खट् वाजलीच.

"बाळ, काय वाजलं रे?" आतून अक्काने विचारलं.

"वारा, अक्का."

सत्तरीला टेकलेल्या मास्तरांना बाळ म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते आज ऑर्गनच्या भात्यावर मरू नये म्हणून मास्तर त्याला कोंडून निघाले होते. रस्त्यात दोनदा वाटलं, परत फिरावं. पण पाय चर्चकडेच धावले. भीती माणसाला वळायलाही सवड देत नाही.

ऑर्गन वाजतो तो वाऱ्यावर. मास्तरांच्या चर्चमधला वारा अजून हाताने भरायच्या भात्यातून येई, भात्याचा दांडा लाकडी पडद्यामागे होता, आणि तो दांडा तरुणपणापासून अक्काच्या हातात होता. मास्तर पुढे बसून सूर काढत, अक्का मागे उभी राहून त्यांत जीव भरी. टाळ्या मात्र पडद्याच्या पुढच्या बाजूलाच पडत.

त्या काळात मास्तरांनी रचना केल्या त्या अशा अगडबंब, की पहिल्या सुराला कडेवर असलेलं पोर शेवटच्या सुराला स्वतःच्या पायांनी घरी जाई, असं गाव सांगे. पुढे अक्काला खोकला लागला. ऐन द्रुत लयीत वारा अचानक बसायचा, सूर विझत्या दिव्यासारखे खाली जायचे आणि पडद्यामागून खोकल्याची उबळ यायची. दर वेळी मास्तरांना वाटे, संपलं. आता दांडा पडल्याचा आवाज येणार. मग वारा पुन्हा भरे आणि मास्तर घामाघूम होऊन पुढची ओळ गाठत. डॉक्टरचं नाव काढलं की अक्का म्हणे, "माझ्या छातीचं मला कळतं. तू तुझं बघ."

मास्तरांनी एकच केलं. रचना आखूड करत आणल्या आणि अक्काला श्वास घेता यावा म्हणून त्यांत जागोजागी विराम घातले. एका जाड चष्म्याच्या समीक्षकाला त्या विरामांत वैराग्य दिसलं. वैराग्य कसलं डोंबलाचं! अलीकडची एक प्रार्थना तर इतकी छोटी झाली होती, की उशिरा येणारी मंडळी बाकावर टेकेपर्यंत ती आटोपलेली असे.

आणि आता बिशप येणार होते. त्यांनी लहानपणी ऐकलेली मास्तरांची सगळ्यात लांबलचक रचनाच त्यांना हवी होती. फादरांनी शब्द देऊन टाकला होता.

"नको रे ते," अक्का म्हणाली होती. "सांग त्यांना, जमणार नाही."

अक्काने असं कधी म्हटलं नव्हतं. म्हणजे तिलाही कळलंय, मास्तरांच्या मनात आलं, आणि त्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. फादर हटेनात तेव्हा अक्का एवढंच बोलली, "मग भात्यावर मीच हवी. दुसरं कुणी नको."

म्हणून ही कडी.

पडद्यामागे घंटावाला बाह्या सरसावून तयार होता. माणूस रेड्यासारखा. त्याने घंटा ओढली की शेजारच्या गल्लीतली झोपलेली कुत्री उठून उभी राहत.

"अक्का कुठायत?"

"झोपल्यात. तू फक्त भाता भरता ठेव. थांबायचं नाही."

"मी थांबतोय होय! तुम्ही थकाल, मास्तर."

सुरुवात झाली. वारा असा भरभरून आला, की ऑर्गनच्या नळ्या नव्या केल्यासारख्या बोलू लागल्या. मास्तरांचे खांदे कित्येक वर्षांनी सैल झाले. खोकला नाही, उबळ नाही. अक्का घरी आहे, जिवंत आहे, बहुतेक शिव्या घालते आहे. ते हसलेसुद्धा.

मग द्रुत लय आली आणि काहीतरी फाटल्यासारखं वाजलं.

नळी बिघडली असेल. पुढच्या ओळीत पुन्हा तेच. मास्तरांनी खाली पाहिलं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं उशिरा पोचत होती आणि एकाऐवजी दोन पट्ट्या दाबत होती. त्यांनी बोटांना हुकूम सोडला. बोटांनी ऐकलं नाही. भरल्या वाऱ्यात प्रत्येक चूक अख्ख्या चर्चभर, स्वच्छ आणि खणखणीत, फिरून येत होती.

माळ्यावर वेदीकडे पाठ करून बसणाऱ्या वादकाला खालचं दिसावं म्हणून समोर छोटा आरसा असतो. त्यात फादरांची भुवई चढलेली दिसली. बिशपांनी झुकवलेली मान वर केली होती. गाणाऱ्या बायांपैकी एकीने दुसरीला कोपर मारलं.

तीच द्रुत लय या रचनेत आणखी तीनदा यायची होती, दर वेळी आधीपेक्षा जलद. ती तरुण बोटांनी लिहिली होती. थांबावं तरी कसं? पळून जावं तर पाय खालच्या पायपट्ट्यांवर अडकलेले.

तेवढ्यात पडद्यामागे धडपड झाली.

"अहो अक्का! अक्का, अहो, लागलंय तुम्हाला!"

"हो बाजूला, मेल्या."

वाऱ्याला एक उचकी लागली आणि तो पुन्हा समेवर आला. कोंडलेली म्हातारी खिडकीतून उडी मारून, दोन गल्ल्या पळत येऊन, धाप न लागता भाता भरत होती!

द्रुत लय आली. तिच्या आदल्या सुरावर वारा बसला. खोकल्याची उबळ आली. मास्तरांची अडखळती बोटं त्या बसक्या आवाजात कुठल्या कुठे बुडून गेली. हात पुन्हा सोप्या जागेवर आला, तसा वारा भरला. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच, एक सूर आधी नाही, एक सूर नंतर नाही.

शेवटचा सूर मास्तरांनी कसा धरला, ते त्यांना आठवत नाही.

बिशप माळ्यावर चढून आले. "रचना थोरच आहे. मधे भाते जरा दगा देतात, एवढंच."

"अक्कांना आता दम पुरत नाही," फादर हळहळले.

"वय झालं हो," अक्का म्हणाली आणि दोनदा खोकली. तिच्या कोपरातून रक्त येत होतं.

सगळे उतरून गेले. घंटावालाही गेला. मास्तर बाकावरून उठले नव्हते.

"अक्का, कधीपासून झाकत आलीस?"

"काय कधीपासून? आधी घरी चल. कडी लावतोस होय रे मला?"

"छाती दुखत नाही ना तुझी? खरं सांग."

"धडधाकट आहे. मरायला मला सवड कुठंय?"

हे ऐकायला मास्तर वर्षानुवर्षं तळमळले होते. त्यांनी मान हलवली आणि डावा हात उजव्या हाताने चोळत बसले. बोटं गार पडली होती.

"मागे जा," ते म्हणाले. "भाता भर. मी कुठेही चुकलो तरी वारा सोडायचा नाही."

"बाळ, आज नको."

"भर."

अक्का पडद्याआड गेली. दांडा कुरकुरला. भाता भरत गेला, काठोकाठ. मास्तरांनी डावा हात पट्ट्यांवर ठेवला.

"सावकाश घे रे," पडद्यामागून आवाज आला. अक्काचा आवाज असा कापताना मास्तरांनी कधी ऐकला नव्हता.