खिळ्यानं पाडलेलं भोक

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा. तपकिरी, जाडजूड, पितळी बकलाचा. तोंडानं जरा फटकळ आहे, ते मनावर घेऊ नका. शिकलेला म्हणाल तर काहीच नाही. शाळेत गेलो, पण दुसऱ्याच्या कमरेवर बसून. तिथून फळा दिसत नाही, बाकाची कड तेवढी दिसते. पण पोटाचं मला विचारा. उपाशी पोट, तुडुंब पोट, हसताना गदागदा हलणारं पोट, सगळी माझ्या ओळखीची.

एका म्हाताऱ्या कारागिरानं मला कापलं, तेल पाजलं आणि एका रांगेत पाच भोकं ठोकली. एक बाप आपल्या पोरीसाठी पट्टा घ्यायला आला होता. पोर शिकायला परगावी निघाली होती. म्हातारा त्याला म्हणाला, "मधल्या भोकात बसेल असा न्या. वाढतं अंग आहे, दोन्हीकडं जागा पाहिजे."

ती पोर माझी पहिली मालकीण. पुढं तिला सगळं घर आईच म्हणणार आहे, तेव्हा आपणही आत्तापासून आईच म्हणू.

वसतिगृहात आई झक्क मधल्या भोकात बसायची. एकदा तिच्या खोलीत दुपारचं चिकन आणि भात उरला. पातेलं झाकून खिडकीत ठेवलं. खिडकीत ऊन, पातेल्यात भात, आणि आई मैदानावर. संध्याकाळी आली ती वाघासारखी भुकेली. झाकण काढलं, नाक खुपसलं आणि म्हणाली, "वास तर काही येत नाही." आणि तसंच गार गार खाल्लं.

पोरांनो, नाकावर जाऊ नका. बिघडलेलं अन्न दर वेळी नाकाला सांगून बिघडत नाही. शिजवलेलं उरलं की लगेच थंडाव्यात ठेवावं, आणि खाताना चांगलं वाफ येईस्तोवर गरम करावं. दिवसभर बाहेर राहिलं असेल तर जीव कळवळला तरी टाकून द्यावं. आईनं टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात आणि मी खाटेच्या दांडीवर. सलाईन, उलट्या, ताप. कितीतरी आठवडे पोटात पातळ भातसुद्धा ठरेना. घरी आली तेव्हा पॅन्ट कमरेवर राहत नव्हती. सगळ्यात आतलं भोकही सैल. मग तिच्या मोठ्या बहिणीनं, म्हणजे मावशीनं, खिळा लाल केला आणि माझ्या अंगात खुपसला. चर्र झालं! ते सहावं भोक. ओळ सोडून तिरकं, कडेनं करपलेलं. अशक्तपणा सरेपर्यंत आई त्याच भोकात होती, म्हणून तिथं माझ्या कातड्याला कायमची घडी पडली.

पुढं आई धडधाकट झाली आणि शहराच्या बसवर ड्रायव्हर लागली. बसायचं काम. हर फेरीला बाटलीतलं गोड सरबत, वर कागदात गुंडाळलेलं काहीतरी तळलेलं. मी सरकत सरकत शेवटच्या भोकावर गेलो. बक्कल पोटात रुतायचं. जिना चढताना आईला धाप लागायची. मग तिनं गोड बाटल्या सोडल्या, घरचा डबा नेऊ लागली, आणि डेपोतून चालत घरी यायची. उपाशी एक दिवस राहिली नाही. हळूहळू मी आत आलो, इतका हळू की माझं मलाच कळलं नाही.

नंतर नव्या गणवेशाबरोबर तिला नवा पट्टा मिळाला. माझं कौतुक आटलं आणि मी कपाटात गेलो. कातडं कोरडं पडलं, बक्कल काळवंडलं. विसरले सगळे. चालायचंच.

मला बाहेर काढलं ते भिंगरीनं. आईची पंधरा वर्षांची लेक. सारखी पळते म्हणून भिंगरी. शाळेच्या रिले संघात शेवटची धाव तिची. "आई, हा माझा!" म्हणाली. आई म्हणाली, "घे. तुझ्याएवढी होते तेव्हापासूनचा आहे." तेल लावलं, बक्कल घासलं. मी परत माणसांत आलो, आणि तेही मधल्याच भोकात.

भिंगरीच्या संघात टिटवी म्हणून एक पोर होती. काटकुळी आणि तोंडाची वाजणारी. एकदा सरावानंतर सगळ्यांसमोर म्हणाली, "भिंगरे, तू शेवटच्या वळणाला आलीस ना, की मैदान हलतं ग!" सगळ्या हसल्या. भिंगरीही हसली. पण मी तिच्या कमरेवर होतो. हसताना पोट हलतं. तिचं हललं नाही.

घरी येऊन तिनं मला हातात घेतलं. बोट फिरवत फिरवत त्या करपलेल्या भोकापाशी थांबली. घडी पाहिली. "आई माझ्याएवढी असताना इथं बसायची," ती पुटपुटली. "मग मी का नाही?"

मित्रांनो, मला खरं माहीत होतं, पण तिला ऐकू जाईल असं तोंड मला नव्हतं. पट्ट्याच्या जन्माचं याहून मोठं दुःख नाही.

सकाळी "उशीर झाला" म्हणून न्याहारी चुकवायची. डबा टिटवीला द्यायचा. संध्याकाळी आई विचारायची, "जेवलीस का?"

"टिटवीकडं खाल्लं."

"रोजच? त्यांनी काय खानावळ काढलीय?"

आई हसून सोडून द्यायची. मी एकेक भोक आत सरकत होतो आणि भिंगरी एकेक पाऊल मागं पडत होती. हात गार. विंचरताना केसांचा पुंजका फणीत. उभी राहिली की भिंत धरायची. हलकी झाले की जोरात पळेन असा तिचा हिशोब. कोचबाई ओरडल्या, "काय ग, पाय कुणाला उसने दिलेस?" तरी पोरीला वाटे, अजून थोडी बारीक झाले की जमेल.

आणि एका सकाळी बक्कल त्या तिरक्या भोकात शिरलं. भिंगरी पळत स्वयंपाकघरात गेली. आई ड्युटीवर निघण्याआधी अंडी सोलत होती.

"आई, बघ! तुझ्या भोकात आले!"

आईनं पाहिलं. हातातलं अंडं खाली पडलं. तिनं लेकीचा सदरा वर केला, बरगड्यांवरून हात फिरवला आणि तिथंच जमिनीवर बसली.

"हे माझं भोक? कुणी सांगितलं तुला?"

"तू माझ्याएवढी होतीस तेव्हा... तू सडपातळ होतीस ना?"

"सडपातळ? अगं, मला दोघी जणी धरून संडासला न्यायच्या! मी मरता मरता वाचले तेव्हा मावशीनं खिळ्यानं पाडलंय ते. आजाराचं माप आहे ते, बाळा. माझं नाही."

आईनं हळू आवाजात विचारलं, "पाळी कधी आली होती?"

भिंगरीनं नुसती मान हलवली. आठवतच नव्हतं.

आईनं त्या दिवशी बस काढली नाही. दोघी डॉक्टरबाईंकडं गेल्या. बाई समजावून म्हणाल्या, "वजन किती पाहिजे ते पट्टा ठरवत नाही. वय, उंची, वाढ, सगळं बघून ते मी सांगते. या वयात हाडं भरतात, रक्त वाढतं. धान्य, डाळ, अंडी, दूध, भाज्या, फळं, सगळं वेळेवर पोटात गेलं पाहिजे. आणि तोवर धावणं बंद."

"पण शर्यत आलीय!"

"शर्यती पुन्हा येतात."

भिंगरी घरी येईपर्यंत रडली. शर्यतीला तिच्या जागी दुसरीच धावली. संघ हरला. भिंगरी कडेला टॉवेल घेऊन बसली होती. टिटवी आली, तिच्या मांडीवर केळ्यांचा घड आदळला आणि म्हणाली, "माझी जीभ सडो. खा आता, नाहीतर मी इथं भोकाड पसरीन." भिंगरीनं एक सोललं, अर्धं टिटवीच्या तोंडात कोंबलं. मग हसली. या वेळी पोट हललं, मला चांगलंच कळलं.

पुढच्या मोसमात ती परत धावू लागली. उंची सरसर वाढली, खांदे भरले, मांड्या दणकट झाल्या. एके दिवशी मी शेवटच्या भोकातही पुरेना. मला धाकधूक. आता ही पोर पुन्हा रडते की काय? तर तिनं आईला हाक मारली, "आई, हा लहान झाला. नवा घ्यायला येतेस?" आणि मला गुंडाळून ठेवताना शीळ घालत होती.

वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण त्याहून बरं जास्त वाटलं. तेव्हा पोरांनो, म्हाताऱ्या पट्ट्याचं एवढं ऐका. पट्टा आखूड पडला तर खुशाल पट्टा बदला. पट्ट्यासाठी पोटाला मारू नका.