माझे शहाण्णवाचे चौऱ्याऐंशी झाले

मी एक जुना शोधनिबंध आहे, मित्रांनो. वय अवघे तीन वर्षे, पण संगणकाच्या दुनियेत तेवढ्यात केस पिकतात. आठ पानांचा माझा देह, तरी जन्मलो तेव्हा मी स्वतःला फार शहाणा समजत होतो.

मला लिहिले निकिताने. ती वाशिमच्या एका कॉलेजात संगणक शिकवते. सोयाबीनच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढावा आणि त्याला पिवळा मोझॅक हा रोग आहे की नाही, हे संगणकाने सांगावे, असा तिचा खटाटोप. फोटो काढले तिच्या आईने, तुळसाबाईंनी, आसेगावच्या आपल्या शेतात. त्या फोटोंवरून संगणकाला शिकवले, तेव्हा शंभरातली शहाण्णव पाने त्याने बरोबर ओळखली. मी तो आकडा छाती फुगवून पहिल्याच परिच्छेदात सांगितला.

हा निकिताचा पहिलाच निबंध. बंगळुरूच्या परिषदेत तो मांडायला मिळावा, ही तिची फार दिवसांची इच्छा. पण तिथे आधी तीन परीक्षक निबंध तपासतात. लिहिणारा कोण हे त्यांना कळू नये म्हणून नाव, गाव, कॉलेज सगळे पुसून टाकतात. मीही असाच बिननावाचा निघालो. परीक्षक कोण, हे आम्हालाही कळायचे नव्हते.

दीड महिन्याने अभिप्राय आले. पहिल्याने 'छान आहे' म्हणून माझी बोळवण केली. तिसऱ्याने माझे स्वल्पविराम मोजले. दुसऱ्याने मात्र मला ओळ न् ओळ वाचले होते. त्याने विचारले होते, 'रोगट पानाच्या प्रत्येक फोटोत मागे लाल कापड आहे, निरोगी पानामागे माती. तुमचा संगणक रोग ओळखतो की कापड?' उत्तराला मुदत सात दिवसांची.

निकिताच्या तोंडचे पाणी पळाले. तिने घर गाठले आणि आईला फोटो दाखवले.

"माय, हे मागं काय आहे?"

"माहा पदर व्हय. रोगट पान तर आपण तोडूनच टाकतो. मंग पदरावर ठेवून फोटो काढला, चांगलं दिसते म्हणून."

"अन् चांगली पानं?"

"चांगलं पान कायले तोडू वं? त्याचे फोटो झाडावरच काढले."

निकिताचे वडील उकंडराव हसत सुटले. "म्हंजे तुह्या मशीननं रोग नाही, तुह्या मायचं लुगडं ओळखलं."

निकितालाही हसू आवरेना. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले.

गोलमोल उत्तर देऊन वेळ मारून नेता आली असती. निकिताने तसे केले नाही. नशिबाने शेतात सोयाबीन उभे होते. तीन दिवसांत तिघांनी मिळून सहाशे फोटो काढले, रोगट असो की निरोगी, प्रत्येक पान झाडावरच. उकंडराव पान शोधत, तुळसाबाई फोटो काढत, निकिता धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून नोंदी करी. संगणकाला पुन्हा शिकवले, तर शहाण्णवाचे चौऱ्याऐंशी झाले. तिने तो आकडा तसाच लिहिला, आणि चूक कशी झाली तेही लिहिले.

काही दिवसांनी निरोप आला. मी निवडला गेलो होतो! दुसऱ्या परीक्षकाने लिहिले होते, 'आता या आकड्यावर माझा विश्वास बसतो.' निकिताने लगेच घरी फोन लावला.

तुळसाबाईंना कोडे पडले. "मार्क कमी झाले, अन् तू पास कशी झाली?"

"हे मार्क खरे आहेत, माय."

"मंग त्या माणसाले जेवाले बोलाव. त्यानं येवढं मन लावून वाचलं."

"त्याचं नाव कोणी सांगत नाही."

तुळसाबाई म्हणाल्या, "मंग तू बी कोणाचं तरी असंच वाच."

आज मला फारसे कुणी उघडत नाही. माझ्याहून हुशार निबंध आले आहेत, आणि खरे सांगतो, थोडे वाईट वाटते. पण निकिता आता स्वतः परीक्षक आहे. बिननावाचा निबंध आला की ती दोन-दोन संध्याकाळी त्यावर घालवते, तेव्हा मी आनंदाने फुलून जातो.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधी कुणाचे लिखाण येईल. ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि चूक दिसली तर आपुलकीने सांगा. लिहिणारा तुम्हाला कधी भेटणारही नाही. पण कुठल्यातरी घरी एखाद्या माउलीला तुम्हाला जेवायला बोलवावेसे वाटेल.