बाल्बीना मनोऱ्यावर चढली तो दिवस

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण माझी बायको बाल्बीना माझ्याबरोबर एकदाही मनोऱ्यावर चढली नव्हती. आमचं घर बंदराजवळच्या मोन्ते आल्तो वस्तीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोमनांनी बांधलेला तो दीपस्तंभ रोज समोर दिसतो. पण "चल, वर जाऊन येऊ," म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "नको रे फिर्मीन, मला उंचावर गरगरतं." मुलं लहान असताना मीच त्यांना वर न्यायचो आणि ती खाली गवतावर विणत बसायची.

मग लिसार्दो आला.

लिसार्दो तिच्या गल्लीतला. माझी-तिची ओळख होण्याआधी दोघांचं काही होतं, हे मला ठाऊक होतं. विसाव्या वर्षी तो बोटीने काराकसला गेला आणि तिकडचाच झाला. तिकडेच बायको केली, ती वारलीही. बत्तीस वर्षांनी तो तीन आठवड्यांसाठी बहिणीकडे आला होता. रविवारी बाल्बीनाने त्याला जेवायला बोलावलं आणि शिंपल्यांचं सारण भरून एम्पनाडा, म्हणजे भाजलेली भरली रोटी, केली. माझ्या वाढदिवसाला एम्पनाडा बेकरीतून येते.

"अजून तशीच करतेस गं!" दुसरा तुकडा उचलत लिसार्दो म्हणाला.

अजून? म्हणजे आधीही खाल्ली होती तर. मी बस चालवणारा माणूस. रोज शंभर जणांचं ऐकून घेतो आणि समोर बघत राहतो. तसाच ताटाकडे बघत राहिलो.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, "एकदा मनोऱ्यावर जायचंय. येता का दोघं?"

"बाल्बीनाला गरगरतं," मी म्हणालो.

"बघू या की," असं म्हणून ती उठली आणि कोट घालायला गेली. केसही विंचरले तिने. तिथल्या वाऱ्यात केस विंचरून कोण जातं?

वर जायला दोनशे चौतीस पायऱ्या आहेत. मी मुद्दाम भराभर चढलो. लिसार्दोचं पोट सुटलं होतं, त्याला धाप लागावी आणि तिने ती बघावी, एवढाच माझा हेतू. धाप लागलीही. पण बाल्बीना त्याच्यासाठी प्रत्येक वळणावर थांबत होती. "सावकाश, लिसार्दो. मनोरा कुठे पळून जात नाही." मला हाक मारून म्हणाली, "तुला काय बस गाठायचीय का?"

वर पोचल्यावर गरगरणं वगैरे काही नाही. ती थेट बंदराच्या बाजूच्या कठड्याशी गेली आणि दगडावर हात ठेवून उभी राहिली.

"इथे उभी होते मी," ती त्याला म्हणाली. "मामा तेव्हा दिवेवाल्यांच्या हाताखाली होता, त्याने गुपचूप वर सोडलं. तुझी बोट त्या टोकाला वळली ना, तेव्हा तू पांढरा शर्ट हलवत होतास. हात भरून येईपर्यंत मी रुमाल हलवला. बोट दिसेनाशी झाली, मामा बोलावत होता, तरी मी खाली येईना."

लिसार्दो समुद्राकडे बघत होता. "हो," तो म्हणाला. "हलवत होतो."

मी तिथेच होतो, दोन हातांवर. दोघांनाही माझी आठवण नव्हती. इतकी वर्षं तिला गरगरत नव्हतं तर. ही जागा तिने त्याच्यासाठी राखून ठेवली होती, आणि मी तिला लोकर देऊन खाली गवतावर बसवून येत होतो.

उतरताना बाल्बीना पुढे गेली. "मी बाकावर जागा धरते, या तुम्ही." अर्ध्यावर लिसार्दोचे गुडघे बोलायला लागले आणि तो पायरीवर बसला. मीही थांबलो, टाकून कसा जाणार?

"फिर्मीन," तो हळूच म्हणाला, "तो शर्ट माझा नव्हता."

"म्हणजे?"

"डेकवर येईन म्हणून तिला कबूल केलं होतं. पण खाली पोरं पत्ते खेळत होती, मीही बसलो. विसरलो रे. वर आलो तेव्हा किनाराच नव्हता. तिने कुणा भलत्याचाच शर्ट बघितला असेल."

काय सांगू, मला इतका आनंद झाला की मी त्याला हात देऊन उठवलं. खाली जाऊन तिला कसं सांगायचं, ते शब्दसुद्धा जुळवले. 'तुझा लिसार्दो पत्ते खेळत होता.' एवढं पुरे होतं.

बाल्बीना बाकावर बसली होती. वाऱ्याने केसांचं वाटोळं झालं होतं, नाक लाल झालं होतं आणि चेहरा विशीतल्या पोरीसारखा. असा चेहरा मी लग्नाच्या दिवशीही बघितला नव्हता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. चांगुलपणा म्हणून नव्हे. सांगितलं असतं तर ती रडली असती, पुन्हा त्याच्यासाठीच, आणि या वेळी माझ्या डोळ्यांदेखत.

तीन आठवडे संपल्यावर त्याला विमानतळावर सोडायला मीच गेलो. बाल्बीना म्हणाली, "मला नाही जमायचं, तू जा." बॅग उतरवताना लिसार्दोने विचारलं, "तिला सांगितलंस?"

"नाही."

"सांगणार आहेस?"

"ते माझं मी बघीन," मी म्हणालो. त्याचा चेहरा पडला आणि मला बरं वाटलं. हे कबूल करायला लाज वाटते, पण वाटलं.

घरी आलो तेव्हा ती बटाटे सोलत होती.

"नीट गेला?"

"गेला."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. सोलता सोलता मान वर न करता ती म्हणाली, "असा काय बघतोयस? सुरी घे दुसरी."

मी सुरी घेतली.