डब्यावरचं नाव

लेकीच्या उमेदवारी अर्जावर पहिल्या ओळीतली सही मी केली होती, नवऱ्याच्या, अबिलियोच्या नावाने. खालच्या बारा सह्या गल्लीतल्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांच्या नावाने माझ्यादेखत केल्या. त्यात चोरी कसली? आमच्याकडे बँक, दवाखाना, शाळेचं प्रगतिपुस्तक, सगळं बायकाच बघतात. शेजारची एस्कोलास्तिका म्हणाली, "तो पाळीवरून येऊन झोपलाय, उठवू कशाला? आण इकडे." आणि केली सही.

नगरपालिकेतल्या हॅनलीने त्या तेराच्या तेरा लाल पेनने खोडल्या.

"मतदाराने स्वतःच्या हाताने सही करायची असते, बाई," तो म्हणाला. "बासष्टातल्या तेरा बाद. राहिल्या एकोणपन्नास. लागतात पन्नास. पाच वाजता खिडकी बंद."

साडेचार वाजले होते. गल्लीतले पुरुष सहापर्यंत गिरणीत.

लिडियाचा चेहरा पांढराफटक पडला. आमची एकुलती एक लेक. नदीकाठच्या शाळेत आम्ही तिला घातली तेव्हा तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. आज त्याच शाळेत ती शिकवते. ती शाळा गावाने बंद करायला काढली, म्हणून लिडिया गावाच्या शाळा समितीच्या निवडणुकीला उभी राहत होती. आमच्या बेटावरून या देशात आलेल्यांपैकी त्या समितीवर आजवर कुणी बसलेलं नाही. आम्ही फक्त तिथली फरशी पुसली.

"आई, तू खोट्या सह्या घेतल्यास?" ती माझ्यावरच ओरडली.

"मग माझी घ्या ना!" मी हॅनलीला म्हटलं. "मला लिहिता येतं."

"तुम्ही नागरिक नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. बत्तीस वर्षं मी या गावाच्या खिडक्यांचे पडदे शिवले. नागरिकत्वाचे वर्ग नेमके माझ्या कामाच्या पाळीच्या वेळी असायचे. अबिलियोची परीक्षा तोंडीच झाली, त्याचं काम झालं, माझं राहून गेलं. ज्याला लिहिता येत नाही त्याला मत, आणि जिला येतं ती पाहुणी!

"बाबा!" लिडिया एकदम म्हणाली. "बाबा बाहेर पायऱ्यांवर बसलेत!"

ती पळाली. मी हात पुढे करून तिला अडवायला गेले. कारण तिला ठाऊकच नव्हतं. लहानपणी ती वही घेऊन त्याच्याकडे गेली की तो म्हणायचा, "चष्मा सापडत नाहीये, आईकडे जा." झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ मी चाळीस वर्षं झाकली होती.

तो आत आला. रविवारचा सूट, हातात टोपी.

"बाबा, इथे सही करा. पटकन."

"चष्मा घरी राहिला."

हॅनलीने स्वतःचा चष्मा काढून पुढे केला. अबिलियोने तो लावला आणि कागदाकडे नुसता बघत राहिला. लिडियाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तिला कळलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

हॅनलीलाही कळलं. "नुसती फुली मारा," तो आवाज खाली आणून म्हणाला. "मी साक्षीदार म्हणून लिहितो. चालतं तसं."

"फुली गोणीवर मारतात," अबिलियो म्हणाला. निवृत्त होईपर्यंत गिरणीच्या रंगखात्यात तीस वर्षं त्याने गोण्या उचलल्या होत्या. "पेन दे."

त्याने पेन मुठीत धरलं. एकेक अक्षर काढायला लागला. मोठी, सुटी, उभी अक्षरं. घड्याळ पुढे सरकत होतं. शेवटच्या अक्षराखाली त्याने एक छोटा ओघळ काढला, तेव्हा मला हुंदका आला. त्याच्या जेवणाच्या डब्यावर लाल नेलपॉलिशने मी त्याचं नाव लिहिलं होतं. शेवटच्या अक्षराखाली पॉलिश ओघळलं होतं. रोज दुपारी डबा उघडताना तो ते वाचत नव्हता, पाठ करत होता. ओघळासकट.

हॅनलीने कागद जवळ ओढला. पहिली ओळ पाहिली, शेवटची पाहिली.

"हे तर मी मघाशी खोडलं तेच अक्षर आहे."

"हो. हिचंच आहे," अबिलियो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "दुसरं मला येत नाही. आता हेही खोड बघू. तुझ्या डोळ्यांदेखत लिहिलंय!"

हॅनलीने शिक्का मारला. पाचला दहा कमी होते.

बाहेर आल्यावर लिडियाने बापाचा हात धरला तो सोडलाच नाही. माझ्याशी घरापर्यंत बोलली नाही. मी मात्र वाटभर धुमसत होते. हॅनलीवर, त्याच्या लाल पेनवर, त्या पाच वाजण्यावर. घरी पोचून ओट्यावरचा तो पोचे आलेला डबा दिसला आणि कळलं, खरा राग कुणावर होता ते. चाळीस वर्षं मी त्याच्या नावाने फटाफट सह्या ठोकल्या, पण एकदाही पेन त्याच्या हातात दिलं नाही.