बोळाचं दार

तारा गेली त्यानंतरचे तीन महिने माझ्या दारात जेवढ्या बायका दुखवट्याला आल्या, तेवढ्या कुंभार पिंपळगावात कोणाच्याच दारात आल्या नसतील, असं मी धरून चाललो होतो. तेरावं झालं, महिना उलटला, तरी त्या येतच होत्या. बाजाराच्या दिवशी तर जास्तच. बहुतेक अनोळखी, आसपासच्या खेड्यांतल्या. हातात पिशवी, कडेवर लेकरू. पायरीशी उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "बाई हायेत का?"

"बाई गेल्या," मी सांगायचो. "मार्गशीर्षात."

त्या "आगं माय" म्हणून पदर तोंडाला लावायच्या. मी त्यांना ओसरीवर बसवायचो, तांब्याभर पाणी द्यायचो, कधी चहाही टाकायचो. घोट-दोन घोट घेऊन त्या घाईघाईने उठायच्या. आपल्या बायकोची एवढी माणसं होती आणि आपल्याला ठाऊकच नव्हतं, या विचाराने मला भरून यायचं.

सदतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, पण वर्गातही मी फळ्याकडे तोंड करून जास्त बोलायचो. शाळेचं ग्रंथालय माझ्याकडे होतं आणि निवृत्त झाल्यावर घरात तेवढीच पुस्तकं होती. माणसं तारा सांभाळायची. त्यामुळे या बायकांशी काय बोलावं ते मला कळत नसे. म्हणून चहा.

फाल्गुनात एका दुपारी एक म्हातारी आली. वाळलेली, उंच, कपाळावर ठसठशीत गोंदण. नाव चतुराबाई. पुढे ओळख झाली तेव्हा कळलं की चार कोसांवरच्या वस्तीवरून ती महिन्यातून दोनदा बाजाराला यायची. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तसा तिने हात आडवा धरला.

"मास्तर, पाणी नका पाजू बापा. सकाळपासून दाबून धरून बसलेय."

मी तांब्या धरून तसाच उभा.

"बोळाचं दार उघडा," ती म्हणाली. "आतून कडी घातली तुम्ही. बाई दिवसा कधी घालत नव्हत्या."

एसटीच्या गाड्या थांबतात त्या झाडासमोरच आमचं घर. घराच्या उजव्या अंगाला बोळ आहे, बोळाच्या शेवटी परसात उघडणारं दोन फळ्यांचं दार, आणि परसात संडास. तारा जालन्याची. लग्नानंतर कितीतरी वर्षं तिने बाहेर जाण्यात काढली आणि त्र्याऐंशी साली एकदाची हट्टाला पेटून तो बांधून घेतला. त्या वेळी आमच्या आळीत तो एकच होता. गाडीची वाट बघत तास-दोन तास बसलेल्या बायकांनी जायचं कुठं? पुरुष कुठल्याही भिंतीकडे तोंड करतात. बारा वर्षं ताराने ते दार दिवसभर नुसतं लोटलेलं ठेवलं होतं, आत पाण्याचं पिंप भरून. मी पुढच्या खोलीत वाचत बसायचो. दार वाजलं की दूधवाला असेल असं समजायचो. ती गेल्यावर एकटा माणूस, चोरीची भीती, म्हणून मीच कडी घातली होती.

म्हणजे तीन महिने मी त्या बायकांना चहा पाजत होतो.

मी परसात जाऊन कडी काढली. चतुराबाई परत जाताना ओसरीपाशी थांबली आणि म्हणाली, "पिंपात पाणी न्हाई. किडे पडले."

दुसऱ्या दिवसापासून मी हापशावरून पाणी आणू लागलो. आधी एक बादली, मधे दोनदा टेकायचं. फिनेल आणलं, नवा खराटा आणला. बायका आता मला विचारायच्या नाहीत. कसं कळलं कोण जाणे, पण सगळ्यांना कळलं. बोळात बांगड्या वाजायच्या, दार करकरायचं, मी पुस्तकातून मान वर काढायची नाही असा नियम ठेवला होता. आवाज थांबले की जाऊन पिंप बघून यायचो.

बोळाच्या तोंडासमोर, रस्त्यापलीकडे, धर्मराजचं हॉटेल आहे. धर्मराज माझ्याच हाताखालून गेलेला, आता पन्नाशीचा. एके दिवशी खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत तो ओसरीवर आला. बसला नाही.

"सर, राग नका मानू. बाई होत्या तोवर बराबर होतं."

"काय बराबर होतं?"

"आता तुम्ही एकले. बाया येऊन राह्यल्या, जाऊन राह्यल्या. लोक बोलून राह्यले."

"काय बोलतात?"

"आता ते मी तुमच्यापुढं तोंडानं सांगू का? तुम्ही शिकवलं मला." त्याने रस्त्याकडे पाहिलं. "माझं काही न्हाई. माझ्या बाकड्यावर बसून बोलतात म्हणून कानावर येतं."

"मग त्यांना बाकडं फिरवून बसायला सांग. सगळे बोळाकडे तोंड करूनच का बसतात?"

हे मी म्हणालो नाही. तो गेल्यावर तासाभराने मला सुचलं. तोंडावर मी फक्त "बघतो" म्हणालो.

दोन दिवस मी स्वतःला तपासत होतो. घरात कोणी नसताना परसातून बांगड्यांचा आवाज येतो, कोणी लेकराला दटावतं, कोणी हसतं, हे मला आवडू लागलं होतं. बाजाराच्या दिवसाची मी वाट बघायचो. मग लोक बोलतात त्यात काही खरं तर नाही? अशा वेळी तारा एका वाक्यात निकाल लावायची. मला निकाल लावता येत नाही. मी दोन्ही बाजू बघत बसतो आणि तोवर दुसरंच कोणी तरी ठरवून मोकळं होतं.

या वेळी केशवने ठरवलं. केशव माझा मुलगा, औरंगाबादला बँकेत आहे. रविवारी सकाळच्या गाडीने आला, चहा घेतला आणि पिशवीतून कुलूप काढलं.

"बाबा, धर्मराजकाकांचा फोन आला होता. बँकेत. साहेबांच्या टेबलावर, बाबा. मी काय बोलणार?"

"तुझी आई बारा वर्षं..."

"आई बाई होती."

तो बोळात गेला, बाहेरच्या बाजूने कडी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. "तुमचं नाव खराब झालेलं मला बघवत नाही," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं. मी म्हणालो, "जेवून जा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी उन्हं चढल्यावर चतुराबाई आली. सोबत तिची सून होती, बेबीनंदा, सातवा महिना लागलेली. दोघी जालन्याला दवाखान्यात दाखवायला निघाल्या होत्या. बोळात जाऊन त्या परत ओसरीपाशी आल्या.

"मास्तर, कुलूप दिसून राह्यलं."

"मुलानं लावलं. किल्ली औरंगाबादला आहे."

"आसं का," चतुराबाई म्हणाली. एवढंच. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुम्ही घरातून जा ना," मी म्हणालो. "इथून सरळ, स्वयंपाकघरातून मागे."

"चुलीजवळून? देवाजवळून?" तिने मान हलवली. "आन् तेबी एकल्या गड्याच्या घरात, समद्यायच्या देखत? न्हाई बापा. धरंल ती जालन्यापस्तोर."

बेबीनंदाने एका हाताने भिंत धरली होती. कपाळाला घाम सुटला होता. तिने सासूकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. "आत्याबाई, मी जाऊन येते," म्हणाली, चपला पायरीवर काढल्या आणि घरात शिरली.

मी रस्त्यावर येऊन उभा राहिलो. कोणाला वाटू नये की मी आत आहे. तरीही रस्त्यापलीकडून आवाज आला. हॉटेलाच्या बाकड्यावर रखमाजी होता, गुरांच्या बाजारात दलाली करणारा. जरा मोठ्यानेच म्हणाला, "मास्तरानं आता समोरूनच चालू केलं."

चार-पाच जण हसले. चहा हातात धरून, सावकाश हसले.

बेबीनंदा त्याच वेळी उंबऱ्यात आली होती. तिने ऐकलं. चपला घालताना तिचा पाय दोनदा चुकला. मी चतुराबाईकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही त्यांची खरडपट्टी काढणार. मी तांब्या पुढे केला तेव्हा मला तोंडावर सुनावणारी बाई ही. पण तिने पदर पुढे ओढला, सुनेचा दंड धरला आणि मान खाली घालून झाडाखाली जाऊन बसली. सुनेचं नाव चारचौघांत निघू नये म्हणून ती गप्प बसली. तेवढ्यात त्यांची गाडी आली आणि त्या गेल्या.

मी रस्ता ओलांडला. आयुष्यात मी कधी हॉटेलात भांडायला गेलो नव्हतो आणि भांडायचं कसं ते मला अजूनही कळत नाही. बाकड्यासमोर जाऊन उभा राहिलो. सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी मी धर्मराजला विचारलं, "पेचकस आहे का तुझ्याकडे?"

"हाये की. काय करायचं सर?"

"दे."

पेचकस घेऊन मी घरातून परसात गेलो. कुलूप बाहेरून होतं, पण बिजागऱ्या आतल्या बाजूला. दोन फळ्या, प्रत्येकीला तीन बिजागऱ्या, प्रत्येकीला चार स्क्रू. गंजून लाकडाचा भाग झालेले. रॉकेल सोडलं, थोडं थांबलो, मग फिरवायला लागलो. तळहाताला फोड आला आणि फुटला. मधे एकदा वाटलं, हे काय करतोय आपण, केशव काय म्हणेल, या वयात हे शोभतं का. वाटू दिलं. हात थांबवला नाही.

शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा दोन्ही फळ्या कुलपासकट एकदम बोळाकडे कलल्या. मी वरची कड पकडली आणि त्यांच्या ओझ्याने ओढला जाऊ लागलो.

"सर, अंगावर येईल की." धर्मराज बोळात उभा होता. खडखड ऐकून बघायला आला असावा. त्याने दोन्ही हातांनी दार पेललं. "हे काय करून राह्यले तुम्ही?"

"तू खालून धर, मी वरून धरतो."

"कुठं न्यायचं?"

"बोळाच्या तोंडाशी. तुझ्या हॉटेलासमोर."

दार मधेच टाकून देता येईना, म्हणून तो चालू लागला. आम्ही ते रस्त्याच्या कडेला आणलं आणि बोळाच्या तोंडाशी तिरकं उभं केलं. बाजूने एक माणूस आत जाईल एवढी वाट ठेवली. खाली दोन धोंडे लावले. आता बाकड्यावरून बोळ दिसत नव्हता. दिसत होतं ते फक्त दार, आणि त्यावर केशवचं कुलूप.

रखमाजी म्हणाला, "मास्तर, हवा बंद केली आमची."

"बाकडं फिरव," मी म्हणालो. "तिकडे रस्ता आहे, बाजार आहे. बघायला पुष्कळ आहे."

या वेळी ते मला वेळेवर सुचलं. आवाज कापरा होता, पण ऐकू गेला. त्याने खाली पाहिलं.

धर्मराज हात झटकत माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "केशवला मी काय सांगू सर? विचारंल तो."

"सांग, कुलूप आहे तसंच आहे. मी हात लावला नाही."

त्याला हसू आलं, ते त्याने फडक्यात पुसलं. "आन् त्यानं दुसरं दार बसवलं तर?"

"तेही काढीन. परत फोन करायचा असेल तर आजच कर. साहेबांच्याच टेबलावर कर. मी उद्याही पाणी भरणार आहे, परवाही भरणार आहे. लोकांना बोलायचं ते बोलू दे, पण माझ्या परसात आलेल्या बाईवर तुझ्या बाकड्यावरून कोणी हसलं, तर मी इथं येऊन त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसेन. रोज. मला दुसरं काही काम नाही."

त्याने पेचकस घ्यायला हात पुढे केला होता. तो तसाच मागे घेतला.

साडेतीनची गाडी आली. उतरणाऱ्यांत एक बाई होती, पस्तिशीची, डोक्यावर गाठोडं, कुठल्या तरी लांबच्या गावची. झाडाखाली उभी राहून इकडे तिकडे बघत होती. ते बघणं आता मला ओळखता येतं. एरवी मी घरात गेलो असतो. तिला आपोआप वाट सापडेल, अशी मनाची समजूत घालून पुस्तक उघडलं असतं.

मी रस्त्याच्या मधोमध गेलो. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचत नव्हता तेवढा आवाज काढून म्हणालो, "ताई, संडास त्या दारामागे आहे. बोळातून सरळ जा. पाणी भरलेलं आहे."

हॉटेलात कोणाची तरी बशी वाजली. बाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. गाठोडं उतरवून तिने माझ्या ओसरीवर ठेवलं.

"आत टमरेल हाये का?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हणालो.