माफी कुणाची मागायची

शिंपीणबाईंनी पुन्हा दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. गिऱ्हाईक बडबडून गेलं. हात वीस वर्षांचा सरावलेला, पण डोकं ठिकाणावर नव्हतं.

कारण महिन्यापूर्वीचं. प्रार्थनासभेत पवित्र आत्म्यानं, म्हणजे देवाच्याच आत्म्यानं, ताईच्या नवऱ्याची दारू सोडवली, असं सगळे म्हणत होते. पंधरा वर्षं ताईचे हाल पाहिलेल्या बाईंना ते पटेना. भरल्या सभेत त्या बोलून गेल्या, "हा कसला पवित्र आत्मा? सैतानाचं नाटक आहे हे."

पुढच्याच रविवारी चर्चमध्ये नेमकं तेच वाचलं गेलं. ख्रिस्ताच्या कामाला सैतानाचं काम म्हणणाऱ्यांना त्यानं बजावलं होतं, पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला कधीच क्षमा नाही. तेव्हापासून त्या चर्चची पायरी चढल्या नव्हत्या.

शेवटी चर्चच्या पाळकबाईच दुकानात आल्या.

"माझा निकाल लागलाय," बाई म्हणाल्या. "आता प्रार्थना करून काय उपयोग?"

"तुला क्षमा हवी आहे का?"

"हवी म्हणजे? अन्न गोड लागत नाही मला."

"मग तुझं मन मेलेलं नाही. ख्रिस्तानं ज्यांना बजावलं, त्यांना परत फिरायचंच नव्हतं."

"पण शब्द तर तेच होते ना माझे?"

पाळकबाई म्हणाल्या, "त्या वचनातलं सगळं मला उमगलंय असं नाही. पण क्षमा मागायला आलेल्याला त्यानं हाकलल्याचं मी कुठं वाचलेलं नाही. बरं, भाऊजींशी बोललीस?"

बाई गोंधळल्या. "त्यांच्याशी काय? पाप तर देवाविरुद्ध झालं."

"त्या दिवसापासून ते सभेला येत नाहीत. परवा दारूच्या दुकानापर्यंत जाऊन परत फिरले, असं तुझी ताई सांगत होती."

बाईंना हे माहीतच नव्हतं. महिनाभर त्यांना फक्त स्वतःचीच काळजी! शटर ओढून त्यांनी भरदुपारी ताईचं घर गाठलं.

भाऊजी कपाटाची बिजागरी बसवत होते.

"भाऊजी, चुकलं माझं. तुम्ही बदललात, मलाच ते बघायचं नव्हतं."

त्यांनी हातातला स्क्रू खाली ठेवला. "मलाही वाटायला लागलं होतं, तुझंच खरं असेल. नाटकच करतोय मी."

"नाही हो."

"हे दार धर जरा," ते म्हणाले. बाईंनी धरलं.

"रविवारी याल?"

"तू असशील तर येईन."

त्या रविवारी दोघं चर्चला गेली. त्या वचनाचा पुरता अर्थ बाईंना आजही सांगता येत नाही.

मंडळी, सुधारू पाहणाऱ्या माणसाला हिणवू नका. आणि तोंडून वाईट शब्द गेलाच, तर देव क्षमा करील का, एवढंच घोकत बसू नका. ज्याला दुखावलं त्याच्याकडे आधी जा. माफी मागावीशी वाटते आहे, तोवर उशीर झालेला नाही.