कुणालाच न आलेलं वाक्य

“तुमच्यात सुतक धरत नाहीत ना, मास्तर?”

आमचे हेडमास्तर दारातच उभे होते. आत यायला त्यांना संकोच वाटत होता. माझी बायको जाऊन तीन दिवस झाले होते.

“नाही धरत,” मी म्हणालो.

“म्हणूनच विचारायला आलो. उद्या नाझरसाहेब तपासणीला येतायत. इंग्रजीचा वर्ग बघणार म्हणतात. दुसरं कुणी असतं तर सांगता आलं असतं, सुतकात आहेत म्हणून.”

त्यांचं खरं होतं. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून माती देतात. माणूस शिवाकडं गेलं, त्याचा विटाळ कसला, असं वडीलधारे सांगतात. ऐकायला बरं वाटतं. पण सुतक धरणाऱ्याला दहा दिवस घरात बसायला कारण असतं. मला ते नव्हतं.

साल चव्वेचाळीस. अंमल निझामाचा. कळंबच्या शाळेत मी दोन वर्षं कच्च्या नोकरीवर होतो. नाझरसाहेबांचा शेरा चांगला पडला तर मुस्तकील, म्हणजे कायम. नाही पडला तर महिनाअखेर घरी.

सासूबाई, शिवम्मा, आळंदहून आल्या होत्या. त्या आतून म्हणाल्या, “जावा तुमी. भितीकडं बघत बसन्यापरीस पोरांकडं बघा.”

मी हो म्हणालो.

तपासणीसाठी जो धडा तयार होता तो मी ती आजारी असतानाच बसवला होता. उद्गाराचे शब्द. आनंद झाला की हुर्रा, कुणाला गप्प करायचं असलं की हश, दुःख झालं की अलास. मी तिच्या अंथरुणाजवळ बसून मोठ्यानं म्हणून बघत होतो. हिवतापानं तिचं अंग भाजत होतं, तरी तिला हसू आलं.

“दुःख झालं की काय म्हनायचं, त्ये बी शिकवावं लागतंय व्हय?”

“इंग्रजीत लागतं.”

“मंग त्येंच्यात आई मेली तर पोरगं आदी पुस्तक उघडून बघतंय का काय!”

मीही हसलो. पाच दिवसांनी ती गेली. बायका हेल काढून रडल्या. मला लोक विचारत होते, खड्डा किती खोल घ्यायचा, बेल कोण आणतंय, जंगमाला निरोप गेला का. मी सगळ्यांना उत्तरं देत राहिलो. रडायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी नाझरसाहेब माझ्या खुर्चीत बसले. हेडमास्तर त्यांच्यामागं उभे राहिले. साहेबांनी पुस्तक उघडलं आणि नागप्पाला उभं केलं. नागप्पा वर्गात पहिला. पुस्तक त्याला पाठ.

“हुर्रा?”

“हुर्रा! वुई हॅव वन द मॅच!”

“हश?”

“हश! द बेबी इज स्लीपिंग.”

“शाबास. अलास?”

पुस्तकातलं वाक्य अगदी लहान होतं. अलास! ही इज डेड. अरेरे, तो मेला. आठच दिवसांपूर्वी नागप्पानंच ते सगळ्या वर्गाकडून म्हणून घेतलं होतं. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं.

“न्हाय येत, साहेब.”

साहेबांनी बिराप्पाला उठवलं.

“इसरलो, साहेब.”

मग गुंडाप्पा. “त्या दिशी म्या आलतोच न्हाय.”

गुंडाप्पाची वर्षभरात एक गैरहजेरी नव्हती. पुढचा न्हाय येत म्हणाला, त्याच्या पुढचाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आदल्या दिवशी कुणी ठरवलं होतं की तिथंच ठरलं, मला अजून माहीत नाही.

“क्या मास्टरसाब?” साहेबांचा आवाज चढला. “चालीस लडके, और एक को नहीं आता? छडी मंगवाओ.”

हेडमास्तर पुढं झाले. “साहेब, यांच्या घरी...”

मी त्यांच्याकडं बघून नकारार्थी मान हलवली. तिचं मरण शेऱ्यासाठी पुढं करायचं मला जमलं नसतं.

“पोरांचा दोष नाही, साहेब,” मी म्हणालो. “हे वाक्य मीच शिकवलं नाही.”

साहेबांनी वहीत लिहिलं. उर्दू मला येत होतं, ते लिहीत असतानाच मी वाचलं. धडा अपुरा, उस्ताद कच्चा. ते निघून गेले. हेडमास्तर त्यांच्यामागं गेले, जाताना माझ्याकडं न बघता.

मी वर्गाकडं वळलो.

“नागप्पा, वाक्य येत होतं ना?”

“व्हय.”

“मग?”

“तुमच्या म्होरं कसं म्हनायचं, मास्तर?”

माझी नोकरी गेली हे त्या पोरांना कळलं नव्हतं आणि मी कळू दिलं नाही.

“परीक्षेत येईल,” मी म्हणालो. “आता म्हणा. सगळ्यांनी.”

मग नागप्पानं सुरुवात केली आणि बाकीचे त्याला मिळाले. एरवी छप्पर उचलणारी पोरं, पण त्या दिवशी आवाज वर चढलाच नाही. मी म्हणालो, पुन्हा. त्यांनी पुन्हा म्हटलं.

त्या दिवशी बाजार होता. हरणाबाई नावाची म्हातारी बाजारापुरती पेरू घेऊन तेरहून यायची आणि आमच्या खिडकीबाहेर लिंबाखाली बसायची. गावातलं काही तिला माहीत नसायचं. अक्षर तर ओळखीचं नव्हतंच. पोरांचा आवाज ऐकून ती उठून खिडकीशी आली आणि गजाला धरून उभी राहिली.

“कोन गेलं वं, मास्तर?”

आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाही. घरात अगं, चारचौघांत आमची मंडळी. लग्नात घास भरवताना एकदा घेतलं होतं, त्याला बारा वर्षं झाली होती.

“महानंदा,” मी म्हणालो.

हरणाबाईनं पदर पुढं ओढला आणि ती तिथंच खिडकीखाली मातीत बसली. एक गिऱ्हाईक तिच्या पाटीतले पेरू चाचपत उभं होतं. तिनं त्याला हातानंच सांगितलं, जा.